ग्येरिमची राई

ग्यॉंगजूला जायचं तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जा, असं सगळे सांगतात. तेव्हा तिथे चेरी फुललेली असते. आम्हाला जमलं ते मे महिन्याच्या शेवटी. तोवर चेरीची झाडं साध्यासुध्या हिरव्या झाडांसारखी रस्त्याकडेला सावली धरून उभी होती. बुल्गुक्सा मंदिराच्या आवारात बुद्धजयंतीचे रंगीत कंदील अजून लटकत होते आणि गावाबाहेरच्या शेतांत भातलावणीसाठी पाणी सोडलेलं होतं. रात्री बेडकांचा असा काही कल्ला, की डोळे मिटले तर कोकणातच असल्यासारखं वाटावं.

पण खरं सांगायचं तर मी चेरीसाठी गेलोच नव्हतो. मला पाहायची होती एक राई. 'कोरियात जाऊन राई?' असं घरच्यांनीही विचारलं होतं. त्याचं कारण सांगायचं तर तेराशे वर्षं मागे जावं लागेल.

ग्यॉंगजू ही सिल्ला राज्याची राजधानी. परंपरेनुसार इ.स.पू. ५७ ते इ.स. ९३५, म्हणजे जवळजवळ हजार वर्षं. शेजारची बेक्जे आणि गोगुर्यो ही राज्यं ६६० आणि ६६८ मध्ये चीनच्या तांग सम्राटांच्या मदतीने पाडून सिल्लाने कोरियन द्वीपकल्पाचा बराचसा भाग एका छत्राखाली आणला. या राजधानीच्या मधोमध ग्येरिम नावाची एक लहानशी राई आहे. ग्येरिम म्हणजे कोंबड्याचं रान. दंतकथा अशी, की पहाटे या रानात पांढरा कोंबडा आरवला, लोक पाहायला गेले तर झाडाच्या फांदीला सोन्याची पेटी टांगलेली आणि पेटीत एक बाळ. तोच सिल्लाच्या किम राजघराण्याचा मूळपुरुष. पुढे या रानाचंच नाव देशाला मिळालं. आपल्याकडच्या देवराईची आठवण व्हावी अशी ही जागा.

आता मुख्य गोष्ट. आठव्या शतकात ह्येचो नावाचा सिल्लाचा एक तरुण भिक्षू चीनला गेला. तिथे त्याला गुरू भेटला तो वज्रबोधी, मूळचा दक्षिण भारतातला. त्यानंतर ह्येचो समुद्रमार्गे भारतात आला. कुशीनगर, वाराणसी पाहून तो तीन महिने दक्षिणेकडे चालत गेला. त्या काळी दख्खनेत बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. इथल्या राजाकडे आठशे हत्ती आहेत, असं तो लिहितो. डोंगरातल्या एका मोठ्या विहाराबद्दलही लिहितो. त्याचे खांब डोंगराचा खडक कोरून काढलेले आणि इमारत तीन मजली. हे माणसांनी नव्हे, नागार्जुनाच्या सांगण्यावरून यक्षांनी घडवलं, असं लोक त्याला सांगतात. एके काळी तिथे तीन हजार भिक्षू राहत असत, पण ह्येचो पोचला तेव्हा विहार ओस पडलेला होता. हा विहार नेमका कुठला ते बाजूला ठेवू. पण कान्हेरी आणि वेरूळ पाहिलेल्या माणसाला हे वाचून आपल्याच अंगणात कुणी परका येऊन गेल्यासारखं वाटतं.

आणि याच दक्षिणेच्या मुक्कामात त्याने एक छोटी कविता लिहिली. चांदणी रात्र आहे, घराची आठवण येते आहे, आणि निरोप घेऊन 'त्या रानाकडे' जाईल असं कुणीच नाही, अशी तिची तक्रार. ते रान म्हणजे ग्येरिम, म्हणजेच त्याचा देश.

दख्खनेत बसून कुणीतरी ज्या रानासाठी हुरहुरलं, ते रान दख्खनेतल्या माणसाने एकदा पाहायला हवं, एवढीच माझी ओढ होती.

राईकडे जाताना आधी लागतात थडगी. थडगी म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं तसं इथे काहीच नाही. भर गावात, घरांच्या आणि चहाच्या दुकानांच्या मागे गुळगुळीत हिरव्या टेकड्या उभ्या असतात. मेमध्ये त्यांच्यावरचं गवत इतकं कोवळं असतं की हात फिरवावासा वाटतो. (फिरवू देत नाहीत.) सर्वात मोठी टेकडी जोडथडग्याची, सुमारे १२० मीटर लांब. आत लाकडी कक्ष, त्यावर दगडगोट्यांची रास आणि वर माती. कालांतराने लाकूड कुजलं की दगड आत कोसळतात आणि सगळं गाडून टाकतात. चोराला आत शिरायला वाटच राहत नाही. त्यामुळे दीड हजार वर्षं सोनं जागच्या जागी राहिलं.

१९७३ मध्ये हे मोठं थडगं उघडण्याआधी सरावासाठी म्हणून शेजारचं लहान थडगं उकरलं गेलं. त्यात सोन्याच्या मुकुटासह अकरा हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. भूर्जाच्या सालीवर रंगवलेला एक धावता पांढरा घोडाही निघाला, म्हणून त्या थडग्याचं नाव चॉन्माचोंग, दिव्य घोड्याचं थडगं. आज आत जाऊन ते पाहता येतं. मुकुटाचे उभे सोनेरी पट्टे फांद्या फुटलेल्या झाडासारखे आहेत. पण गंमत अशी, की हा मुकुट कुणाचा ते कुणालाच ठाऊक नाही. एवढा डोंगर रचला, एवढं सोनं पुरलं, आणि नावाचा एक दगडही आत निघाला नाही. आज तो राजा ओळखला जातो तो घोड्याच्या नावाने!

तिथून चालत ह्वांगन्योंग्सा मंदिराच्या जागेवर गेलो. ६४५ मध्ये, सॉनडॉक राणीच्या काळात इथे नऊ मजली लाकडी पॅगोडा उभा राहिला. उंची सुमारे ऐंशी मीटर. १२३८ मध्ये मंगोल स्वारीत तो जळाला. आता मोकळ्या मैदानात पायाचे दगड तेवढे ओळीने मांडल्यासारखे दिसतात. बाजूच्या शेतात बार्ली पिवळी पडत चालली होती. पॅगोड्याच्या मधल्या खांबाच्या दगडापाशी उभं राहून वर पाहिलं. वर नुसतं आकाश होतं.

दुसऱ्या दिवशी डोंगरावरचं सॉक्कुराम पाहिलं. त्याचं काम ७५१ मध्ये सुरू झालं असं मानतात. आपल्याकडे लेणं म्हणजे डोंगर आतून कोरून काढायचा. इथला डोंगर कडक ग्रॅनाइटचा. मग या लोकांनी काय केलं, तर ग्रॅनाइटचे चिरे घडवून गोल घुमट रचला आणि वर माती घालून टाकली. म्हणजे लेणं कोरलं नाही, बांधलं! आत साडेतीन मीटर उंचीचा बुद्ध पूर्वेकडे तोंड करून बसला आहे. भारतातल्या लेण्यांची कल्पना मध्य आशिया आणि चीन ओलांडून इथवर पोचली ती ह्येचोसारख्या चालणाऱ्या माणसांच्या पायांनी. जपानी राजवटीत १९१३ ते १९१५ दरम्यान या घुमटाला 'मजबुती' म्हणून काँक्रीटचा थर दिला आणि तेव्हापासून आत ओल धरू लागली. आज बुद्धाचं दर्शन काचेआडून घ्यावं लागतं.

शेवटी संध्याकाळी ग्येरिममध्ये आलो. मोठं रान असेल अशी उगाच अपेक्षा होती. प्रत्यक्षात पाच मिनिटांत ओलांडता येईल एवढीच राई. जुनी, पोकळ खोडांची झाडं, काहींना टेकू दिलेले. शाळेच्या सहलीची मुलं आरडाओरडा करत पलीकडे गेली आणि मग एकदम शांत झालं.

ह्येचो सिल्लाला परत आलाच नाही. ७२७ मध्ये तो मध्य आशियातल्या कुचा इथे पोचला, पुढचं आयुष्य त्याने चीनमध्ये काढलं आणि वूताइ पर्वतावर देह ठेवला. त्याचं पुस्तकही हरवलं होतं. १९०८ मध्ये फ्रेंच विद्वान पॉल पेलिओला दुनह्वांगच्या एका बंद गुहेत निघालेल्या हजारो गुंडाळ्यांमध्ये ते सापडलं. सुरुवात नाही, शेवट नाही, उरलेली जेमतेम सहा हजार अक्षरं. एका जुन्या चिनी शब्दसंग्रहात या पुस्तकातले कठीण शब्द नोंदवलेले होते, त्यावरून ते ओळखलं गेलं. १९१५ मध्ये जपानी अभ्यासक ताकाकुसू जुंजिरो यांनी ह्येचो सिल्लाचा असल्याचं दाखवून दिलं. ती गुंडाळी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. २०१० च्या डिसेंबरमध्ये ती प्रदर्शनासाठी काही महिने सोलला आली होती. जवळजवळ तेराशे वर्षांनी मायदेशी, तीही पाहुणी म्हणून.

त्या बाकावर बसून मनात एक हिशेब मांडत होतो. ज्याने नाव राहावं म्हणून डोंगराएवढी माती रचून घेतली, त्याचं सोनं राहिलं पण नाव गेलं. ज्याच्यापाशी काहीच नव्हतं, त्याचं नावही राहिलं आणि एका चांदण्या रात्री त्याला काय वाटलं तेही राहिलं. घर सोडून दूर राहणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. आम्ही फोनवर बोलतो आणि फोन ठेवला की बोललेलं विरून जातं. कधीतरी चार ओळी कागदावर लिहाव्यात असं त्या संध्याकाळी फार वाटलं.

निघताना एका जुन्या झाडापाशी थांबलो. 'निरोप मिळाला बरं का,' असं म्हणावंसं वाटलं. पण मराठीत सांगून त्या झाडाला काय कळणार, म्हणून नुसताच खोडाला हात लावला आणि बसथांब्याकडे निघालो.