गाडीला वॅक्स करण्यासाठी कोणते पॉलिशिंग मशीन घ्यावे?

कुंकवासाठी प्रसिद्ध असलेले केम (ता. करमाळा, जि. सोलापूर) कोरड्या हवेच्या भागात येते. अशा भागात गाडीवर धूळ लवकर बसते. धूळ न धुता मशीन फिरवले, तर पॅडखाली अडकलेले कण रंगावर ओरखडे पाडतात. म्हणून आधी गाडी धुवावी.

रोटरी मशीन: पॅड एकाच अक्षाभोवती फिरते. खोल ओरखडे निघतात, पण एकाच जागी थांबल्यास रंग जळू शकतो.

ड्युअल अ‍ॅक्शन मशीन: पॅड फिरता फिरता हेलकावेही घेते. उष्णता एका जागी साठत नाही. नवशिक्यांसाठी हेच योग्य.

ग्राइंडर टाळा: वेल्डिंगच्या दुकानातला चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. रोटरी पॉलिशर साधारण ६०० ते ३,००० फेऱ्यांवर चालतो. ग्राइंडरला पॅड लावल्यास रंगावरचा पारदर्शक थर क्षणात जाऊ शकतो. मग पुन्हा रंगकामाशिवाय इलाज नाही.

खरेदी करताना: वेग कमी-जास्त करण्याची सोय आणि मऊ फोमचे पॅड पाहावे. वॅक्स सावलीत, थंड पत्र्यावर, कमी वेगात आणि पातळ लावावे. वर्षातून एक-दोनदाच वॅक्स करायचे असेल, तर हाताने लावलेलेही पुरते.