कर्ण्यांचा तोल

दिनांक २७ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये एक अजब मैफल झाली. श्रोते जमले होते, परंतु रंगमंचावर वादक एकही नव्हता. वाद्यवृंद तेथून सुमारे दोनशे किलोमीटर दूर, फिलाडेल्फियात बसून वाजवीत होता. तिकडे तीन ध्वनिग्राहक, मध्ये टेलिफोनच्या तीन वाहिन्या आणि इकडे तीन प्रचंड कर्णे, असा तो बेल टेलिफोन प्रयोगशाळेचा प्रयोग होता. वाद्यवृंदाचे मुख्य संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की त्या दिवशी वादकांपुढे उभेच नव्हते. ते काम अलेक्झांडर स्मॉलेन्स यांच्याकडे सोपवून ते स्वतः वॉशिंग्टनला आवाजाच्या खुंट्या हातात घेऊन बसले होते. कोणता कर्णा किती बोलेल हे ठरविणारा माणूस वाजविणाऱ्यांइतकाच महत्त्वाचा, हे इतक्या उघडपणे तोवर क्वचितच कोणी मान्य केले असेल.

या प्रयोगामागचे शास्त्रज्ञ हार्वे फ्लेचर यांच्या मंडळींनी वादनाखेरीज आणखी एक गंमत करून दाखविली. फिलाडेल्फियाच्या मंचावर डाव्या बाजूस एक कारागीर हातोडी-करवत घेऊन खोके बनवीत होता आणि उजवीकडून त्याचा सोबती त्याला सूचना देत होता. वॉशिंग्टनच्या श्रोत्यांना करवत डावीकडून आणि बोलणे उजवीकडून असे हुबेहूब ऐकू आले. पुस्तकांत स्टोकोव्स्कींचे कौतुक भरपूर सापडते. परंतु संगीत न कळणाऱ्या माणसाला हा प्रयोग पटविला तो त्या दोन कामगारांनी, असे आम्हास वाटते.

आवाज कोणत्या दिशेने आला हे आपण मुख्यतः दोन गोष्टींवरून ओळखतो. एक, तो कोणत्या कानी अधिक जोराने पडला, आणि दुसरी, कोणत्या कानी आधी पोहोचला. तेव्हा कर्ण्यांचा तोल साधायचा म्हणजे जोर आणि वेळ या दोन्ही गोष्टी जुळवायच्या. आवाज हवेतून सेकंदास सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एक मीटर अंतराला जवळजवळ तीन सहस्रांश सेकंद. हा काळ कोणाच्या खिजगणतीत येईल? पण कानाच्या येतो. जर्मनीतील हेल्मुट हास यांनी १९४९ ते १९५१ या काळात दाखवून दिले की, एकच आवाज दोन कर्ण्यांतून थोड्या अंतराने आला, तर जो आधी पोहोचला त्याच्याच दिशेने सगळा आवाज आल्यासारखा वाटतो. मग मागून येणारा थोडा मोठा असला तरी. सभेत लांबच्या खांबावर कर्णा बांधला की वक्ता सोडून लोक खांबाकडे का पाहू लागतात, याचे उत्तर यात आहे.

स्टोकोव्स्कींची गाठ पुढे वॉल्ट डिस्ने यांच्याशी पडली. ‘फँटेशिया’ हा त्यांचा बोलपट १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात लागला तेव्हा संगीत प्रेक्षकांच्या नुसते समोरून येत नव्हते, ते सभागृहात फिरत होते. सुरुवातीच्या जुळणीत हे फिरविणे माणसाने हाताने करायचे होते. पण हाताने केलेले दोन खेळांना सारखे होत नाही. म्हणून आवाजाच्या तीन पट्ट्यांजवळ चौथी एक पट्टी आली. तिच्यात संगीत नव्हते, हुकूम होते. अमुक ठिकाणी अमुक कर्णा चढवा, अमुक उतरवा, हे त्या पट्टीवरील खुणेचे सूर यंत्राला सांगत. तोल साधण्याचे काम हातातून यंत्राकडे जाण्याची ही सुरुवात म्हणता येईल. हा सरंजाम इतका महाग आणि अवजड होता की थोड्याच शहरांत तो पोहोचला. पुढे चित्रपट सर्वत्र दाखविला गेला तो साध्या एकमार्गी आवाजात.

येथे विषयाला थोडे सोडून एक गोष्ट सांगतो, कारण ती न सांगणे आमच्याच्याने होत नाही. ‘फँटेशिया’तील नाचणारी अळंबी ज्याच्या हातून चालती झाली तो आर्ट बॅबिट पुढच्याच वर्षी युनियनच्या कामापायी नोकरीवरून निघाला आणि २९ मे १९४१ पासून डिस्नेच्या चित्रकारांचा संप सुरू झाला. कर्ण्यांचा तोल ज्यांनी इतका काटेकोर सांभाळला, त्यांना पगाराचा तोल सांभाळता आला नव्हता.

युद्धानंतर १९५२ मध्ये सिनेरामा सात पट्ट्यांचा आवाज घेऊन आला, १९५३ मध्ये सिनेमास्कोप चार पट्ट्यांचा. खरा बदल मात्र सत्तरीच्या दशकातला. रे डॉल्बी हे गृहस्थ १९६३ पासून दोन वर्षे संयुक्त राष्ट्रसंघातर्फे सल्लागार म्हणून आपल्या भारतात होते. १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली. त्यांच्या मंडळींनी आग्रह धरला की, ज्या खोलीत आवाज मिसळला जातो ती आणि ज्या थिएटरात तो ऐकविला जातो ते, दोन्ही एकाच मापाने लावले पाहिजे. त्यासाठी ‘पिंक नॉइज’ नावाचा धबधब्यासारखा एकसुरी घोष वापरतात. त्यात प्रत्येक सप्तकाला सारखीच शक्ती दिलेली असते. पडद्यामागचा एकेक कर्णा त्या घोषावर ८५ डेसिबेलला लावायचा, असे माप ठरले.

पुढे हे सारे घरात शिरले. घरी पाच कर्णे आणि खर्जासाठी सहावा असतो. रीत तीच, माप तेवढे सौम्य, ७५ डेसिबेल. बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर, मोजयंत्र तिवईवर ठेवावे. हातात धरू नये, कारण आपले शरीरही आवाज परतवते. मग एकेका कर्ण्यातून घोष सोडून काटा एकाच आकड्यावर आणावा. नंतर टेपने अंतरे मोजून यंत्रात भरावी. मागचा कर्णा १.७ मीटरवर आणि पुढचा ३.४ मीटरवर असेल, तर यंत्र मागच्याला सुमारे पाच सहस्रांश सेकंद थांबवून धरते. खर्जाचा कर्णा मात्र हट्टी. खोलीच्या एका कोपऱ्यात तो गडगडतो आणि दोन हात सरकले की नाहीसा होतो. त्याला हलवून हलवूनच जागा शोधावी लागते.

चालू शतकाच्या आरंभापासून हे सारे आपोआप करणारी यंत्रे निघाली आहेत. एक छोटा ध्वनिग्राहक ठेवा आणि बाहेर जा. आम्ही यंत्राचे शत्रू नाही. नुसत्या कानावर विसंबणेही धोक्याचे असते. इचलकरंजीच्या किंवा भिवंडीच्या यंत्रमागावर वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या माणसाचे कान आधी जातात ते ४००० कंपनांच्या आसपास. त्याने कानाने कर्णे लावले तर तो बारीक आवाज चढवीत नेणार आणि घरातली पोरे कानांवर हात ठेवणार. फ्लेचर यांनीच १९३३ मध्ये मन्सन यांच्याबरोबर कानाचे जे आलेख काढले त्यांवरून दिसते की, आवाज हळू केला की निरोगी कानालाही खर्ज कमी ऐकू येतो. म्हणून तोल साधायला काटा हवा.

पण काटा कोठे ठेवायचा, हे काटा सांगत नाही. साऱ्या पुस्तकांत एकच खुर्ची गृहीत धरलेली असते, मधली, घरधन्याची. आजी कोपऱ्यात, मुले जमिनीवर, सून दाराशी, त्यांच्या वाट्याला मागचा कर्णाच तेवढा येतो. अशा घरात आमचे सांगणे असे की, काटा तीन-चार जागी ठेवून पाहावा आणि मधला आकडा घ्यावा. मागचे कर्णे भिंतीवर थोडे उंच, कोणाच्याही कानाशी नसलेले असे बांधावे. मधल्या खुर्चीतला चमत्कार त्याने थोडा उणावतो. दाराशी बसलेलीला मात्र संवाद पडद्यावरूनच ऐकू येतात.