‘पर्स्पिक्युइटी’, स्पष्टता आणि प्रसाद

इंग्रजी समीक्षेतील ‘पर्स्पिक्युइटी’ हा शब्द उच्चारतानाच जीभ अडखळते. आणि त्याचा अर्थ मात्र सुबोधता! लॅटिनमधील आरपार पाहणे या अर्थाच्या ‘पेर्स्पिकेरे’ या क्रियापदाशी त्याचे मूळ जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात क्विंटिलियनने शैलीच्या गुणांत याच गुणाला अग्रमान दिला. पाहण्याचा अर्थ वाहणारा त्यातील इंडो-युरोपीय धातू संस्कृतात ‘स्पश्’ या रूपाने आढळतो. ‘स्पश’ म्हणजे हेर, आणि ‘स्पष्ट’ म्हणजे मुळात ‘पाहिलेले’. तेव्हा ‘स्पष्टता’ हा प्रतिशब्द योजताना आपण त्या शब्दाच्या चुलत बहिणीलाच हाक मारत असतो.

आपल्या काव्यशास्त्राने मात्र या गुणाला ‘प्रसाद’ म्हटले. दंडीने तो दहा गुणांत गणला. मम्मटाने माधुर्य व ओज यांच्यासह तीनच गुण ठेवले, त्यांतही तो राखला. ‘सद्’ म्हणजे बसणे. गाळ खाली बसला की पाणी प्रसन्न होते. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात म्हटले आहे, की कतकाचे फळ पाणी स्वच्छ करते खरे, पण नुसते त्याचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. तेथेही क्रियापद ‘प्र’ उपसर्गासह ‘सद्’चेच आहे. हे कतक म्हणजे आपली निवळी. गढूळ पाण्याच्या भांड्याला ती आतून घासत असत.

येथे सोलापुरात या रूपकाला आणखी एक साक्ष मिळते. बाराव्या शतकात ज्या सिद्धरामांनी येथे तलाव बांधला, त्यांनी वचने कन्नडमध्ये रचली. आणि आजही येथील कित्येक घरांत बोलल्या जाणाऱ्या त्या भाषेत ‘तिळि’ म्हणजे नितळ, आणि ‘तिळि’ म्हणजेच कळणे. अशा घरातील विद्यार्थ्याने ‘कवितेचा अर्थ हळूहळू निवळला’ असे लिहिले, तर ते वाक्य खोडण्याजोगे नाही, असे आम्हांस वाटते.

मर्ढेकरांच्या कवितेवर दुर्बोधतेचा आरोप झाला, तो पहिल्या दृष्टिक्षेपातच आरपार दिसावे या अपेक्षेतून. मम्मटाचा प्रसादही चित्ताला तत्काळच व्यापतो, सुक्या लाकडांतील अग्नीसारखा. हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्याने अग्नीशेजारी स्वच्छ पाण्याचाही दृष्टांत ठेवला आहे, आणि पाणी स्वच्छ व्हायचे तर भांडे काही काळ न हलवता ठेवावे लागते.