कॅमेरा, हिशेब आणि कलावंताचा हात

इ. स. १९७५ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील रॉचेस्टर येथें, कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेंत, स्टीव्हन सॅसन नांवाच्या तरुण एंजिनियरानें एक ओबडधोबड पेटी सिद्ध केली. वजन सुमारें ८ पौंड, भिंग चलच्चित्रांच्या लहान कॅमेऱ्याचें, आणि फिल्मच्या जागीं ध्वनिमुद्रणाची साधी कॅसेट! समोरील दृश्याचे १०० ओळींत प्रत्येकीं १०० असे बिंदू टिपून त्यांचे आंकडे फितीवर उतरविण्यास २३ सेकंद लागत. प्रयोगशाळेंतील एका तरुणीचें चित्र प्रथम टेलिव्हिजनच्या पडद्यावर उमटलें, तेव्हां केस ओळखूं आले, पण चेहरा म्हणजे नुसता ठिपक्यांचा गोंधळ. कांहीं तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. त्या बदलतांच मुद्रा प्रकट झाली. अंकीय, म्हणजे डिजिटल, कॅमेऱ्याचा संसार असा दुरुस्तीनेंच सुरू झाला.

हें सांगण्याचें कारण असें कीं, एखादें छायाचित्र मनोहर दिसलें म्हणजे ‘हें मुळांत असें नसेल, मागाहून सजविलें असेल’ असा आक्षेप हल्लीं सर्रास घेतला जातो. न सजविलेलें, अस्सल असें चित्र कॅमेऱ्यांत असतेंच, हें त्यांत गृहीत धरलेलें असतें. वस्तुस्थिति निराळी आहे. कोडॅकमधीलच ब्राइस बेयर यांस १९७६ सालीं रंगीत जाळीचें पेटंट मिळालें. कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राही कणांवर ही जाळी बसविलेली असते. तिची निम्मीं घरें हिरवीं, पाव तांबडीं, पाव निळीं. प्रत्येक कण आपल्यापुरता एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजाऱ्यांच्या मापांवरून हिशेबानें ठरवावे लागतात. म्हणजे बहुतेक अंकीय कॅमेऱ्यांच्या रंगीत चित्रांत दोन तृतीयांश भाग अनुमानाचा!

बरें, कांचेच्या व फिल्मच्या काळीं तरी चित्रें सोंवळीं होतीं काय? १८५७ सालीं ऑस्कर रेयलँडर यानें तिसांहून अधिक निगेटिव्ह जुळवून ‘जीवनाचे दोन मार्ग’ हें भव्य चित्र रचलें, मँचेस्टरच्या प्रदर्शनांत मांडलें, आणि व्हिक्टोरिया राणीनें त्याची प्रत विकत घेतली. एकोणिसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील स्टुडिओंत तर छायाचित्रावर कुंचल्यानें रंग चढविण्याची स्वतंत्र विद्याच होती. अमेरिकेचा ॲन्सेल ॲडम्स मूळचा पियानोवादक; निगेटिव्ह ही स्वरलिपि आणि छापलेली प्रत हें वादन, असें तो मानी. १९४१ सालीं न्यू मेक्सिकोंत टिपलेल्या त्याच्या चंद्रोदयाच्या चित्रांतील आकाश पुढें काढलेल्या प्रतींत त्यानें अधिकाधिक काळें करीत नेलें. १९९० सालीं नोल बंधूंचें फोटोशॉप विक्रीस आलें, तेव्हां अंधाऱ्या खोलींतील ही करामत मेजावर आली, इतकेंच.

मग दोष कोठें येतो? १९८२ च्या फेब्रुवारींत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकानें गीझा येथील आडवें चित्र उभ्या मुखपृष्ठावर बसावें म्हणून यंत्राच्या साह्यानें पिरॅमिड जवळ सरकविले. गवगवा झाला. रेयलँडरनें आपली जुळणी लपविली नव्हती; १८५८ सालीं लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीपुढें ती त्यानें स्वतःच विशद केली. मासिकाच्या वाचकास मात्र तें ईजिप्तचें यथातथ्य दर्शन वाटलें.

नव्या व जुन्या अंकीय कॅमेऱ्यांतील खरा भेदहि येथेंच शोधला पाहिजे. बिंदूंची संख्या वाढली हें उघडच आहे. निकॉनच्या कॅमेऱ्यावर कोडॅकनें १९९१ सालीं रचलेल्या यंत्रांत ते १३ लाख होते, आणि चित्रें सांठविण्याची पेटी खांद्यास अडकवून हिंडावें लागे. आजच्या खिशांतील टेलिफोनांत ते कोटींनीं मोजतात. परंतु जुना कॅमेरा कळ दाबली कीं एकच चित्र घेई. अंधार अंधारच राही. आजचा टेलिफोन क्षणार्धांत अनेक चित्रें घेतो, त्यांचें एक करतो, काळोख उजळतो, मुद्रा नितळ करतो, आणि हें बहुधा धन्यास न विचारतां. फेरफार पूर्वींहि होता; पण तो कोणा माणसाच्या आवडीनिवडीचा होता, म्हणून त्यास कला म्हणतां येई. हल्लीं कांहीं तरुण मंडळी वीस वर्षांपूर्वींचे लहान कॅमेरे हौसेनें धुंडाळतात. त्यांत फॅशनचा भाग मोठा आहे, यांत शंका नाहीं. तरी आपल्या चित्रांत यंत्रानें फार लुडबुड करूं नये, ही इच्छा अगदींच खुळी नव्हे.

मोठ्या कॅमेऱ्यांत कच्चे आंकडे तसेच राखण्याची सोय असते, व छायाप्रकाश ठरविणें कलावंताच्या हातीं राहतें. २०२३ सालीं लायका कंपनीनें एम ११-पी हा कॅमेरा काढला. त्यांतून निघालेल्या चित्रास जणूं जन्मपत्रिका जोडतां येते, आणि पुढें त्यांत कोणते फेरफार झाले याची नोंद तींत ठेवतां येते.