दीर्घकालीन आजार : जागतिक वचने आणि छत्रपती संभाजीनगर

हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, मधुमेह आणि श्वसनाचे जुनाट विकार आटोक्यात आणण्याची राष्ट्रांनी दिलेली वचने, आणि मराठवाड्याच्या मुख्य शहरात (पूर्वीचे औरंगाबाद) झालेले काम.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सप्टेंबर २०११ मध्ये या आजारांवर उच्चस्तरीय बैठक घेऊन राजकीय जाहीरनामा मंजूर केला. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी नऊ लक्ष्ये ठरवली. त्यांतले मुख्य म्हणजे या आजारांनी होणारे ३० ते ७० वयातील अकाली मृत्यू २०२५ पर्यंत एकचतुर्थांशाने घटवणे. घरात चुलीचा धूर कमी करण्याचे दहावे लक्ष्य भारताने स्वतःहून जोडले.

या शहरातले काम जाहीरनाम्यांहून जुने आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या मुंबईतील नोंदणीची शाखा येथे १९७८ मध्येच सुरू झाली. रुग्ण मोजल्याशिवाय कोणतेही लक्ष्य तपासता येत नाही, म्हणून या कामाचे मोल मोठे. येथील पुरुषांत तोंडाचा आणि स्त्रियांत स्तनाचा कर्करोग ठळकपणे आढळतो. पहिल्याचे मूळ तंबाखूत आहे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, पण ओढणारे अवघे ३.८ टक्के. बाकीचा तंबाखू मळून, चघळून किंवा दाढेत धरून खाल्ला जातो, मिश्रीही लावली जाते. राज्याने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पाऊल योग्यच होते, मात्र साधा तंबाखू आणि चुन्याची डबी बंदीबाहेर राहिली.

त्याच वर्षी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे लोकांच्या ‘घाटी’च्या, अखत्यारीत शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. पुढे त्याला केंद्राच्या योजनेतून राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. पूर्वी मराठवाड्यातल्या रुग्णाला किरणोपचारासाठी मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाजवळ महिनोन्महिने मुक्काम करावा लागे. तो खर्च आणि ती परवड अनेकांची टळली. या प्रदेशात वचनाचे सर्वांत ठोस फळ हेच.

बीपी-शुगरची वाट अधिक अवघड. उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा निवडले गेले. मराठवाड्यातला एकही जिल्हा पहिल्या यादीत नव्हता. उपक्रमाची रीत साधी : ठरलेल्या गोळ्या, त्यांचा घराजवळच्या केंद्रात महिनाभर पुरेल इतका साठा, आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा. आशा सेविका तिशीपुढच्या प्रत्येकाचा तपासणी-अर्ज भरतात. पण रक्तदाब दुखत नाही. बरे वाटले की गोळी सुटते, आणि मजुरी बुडवून पुन्हा रांगेत उभे राहणे परवडत नाही.

मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने रक्तदाब आणि मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना २०२५ पर्यंत प्रमाणित उपचाराखाली आणण्याचे लक्ष्य जाहीर केले. त्याचा हिशेब करताना तपासणी झालेल्यांपेक्षा रक्तदाब आणि साखर प्रत्यक्ष आटोक्यात राहिलेल्यांची संख्या पाहायला हवी, तीही जिल्हानिहाय.