छंदातून 'पॅसिव्ह इन्कम': खरंच मिळतं का, किती वेळ लागतो आणि पैसे कुठे अडकतात?

'झोपेतही पैसे कमवा' असं सांगणारी रील तुम्ही नक्की पाहिली असेल. फोटो काढा, रेसिपी टाका, ई-बुक लिहा आणि दरमहा खात्यात पैसे येतील, असं त्यात सांगितलेलं असतं. यात खोटं किती आणि खरं किती? छंदातून ऑनलाइन कमाई होऊ शकते, पण तिचे नियम, टक्केवारी आणि अटी रीलमध्ये सांगितल्या जात नाहीत. त्या इथे समजून घेऊया.

पॅसिव्ह इन्कम म्हणजे नेमकं काय?

तुम्ही गिटारची शिकवणी घेतली, तर तासाचे पैसे मिळतात. तास बंद, पैसे बंद. पण त्याच धड्यांचे व्हिडिओ करून ठेवले, तर एकच व्हिडिओ अनेक जण विकत घेऊ शकतात. काम एकदा, विक्री अनेकदा. यालाच पॅसिव्ह इन्कम म्हणतात.

याचा अर्थ 'बिनकामाचे पैसे' असा नाही. कष्ट आधी होतात आणि पैसे नंतर, हळूहळू येतात. कधी येतही नाहीत.

या कमाईचा पाया कॉपीराइट हा आहे. तुम्ही काढलेला फोटो, लिहिलेली कथा किंवा बांधलेली चाल ही तुमची मालमत्ता असते. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार साहित्य, संगीत आणि कलाकृतींवरचा हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोंनाही हेच लागू आहे. घर भाड्याने द्यावं तशी ही मालमत्ता वापरायला देऊन तुम्ही पैसे घेता.

म्हणून छंद निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: माझ्या छंदातून अशी कोणती वस्तू तयार होते, जी मी समोर नसतानाही पुन्हा पुन्हा विकली जाईल? हाताने विणलेला स्वेटर एकदाच विकला जातो. त्या स्वेटरच्या विणीचा नमुना मात्र कितीही वेळा विकता येतो.

चार मार्ग आणि त्यांचं खरं गणित

१. फोटोग्राफी: स्टॉक फोटो

ॲडोबी स्टॉक, शटरस्टॉक यांसारख्या संकेतस्थळांवर फोटो ठेवता येतात. जाहिरात कंपन्या आणि प्रकाशक ते परवाना घेऊन वापरतात. ॲडोबी स्टॉक फोटोच्या विक्रीतला ३३ टक्के वाटा छायाचित्रकाराला देतं आणि किमान २५ डॉलर जमल्यावरच पैसे काढता येतात. समजा, एका डाउनलोडमागे सरासरी अर्धा डॉलर मिळाला, तर पहिली रक्कम हातात यायला ५० डाउनलोड लागतील.

शटरस्टॉकवर वाटा १५ ते ४० टक्के असतो. जास्त डाउनलोड झाले की तुमची पातळी वाढते, पण दरवर्षी १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पातळीवर येतात. म्हणजे जुने फोटो विकले जात राहिले, तरी नव्या वर्षाची सुरुवात सर्वांत कमी वाट्यानेच होते.

सूर्यास्त आणि गुलाबांचे फोटो तिथे आधीच भरपूर आहेत. गुढी, ऊसतोड, पुरणपोळी लाटणारे हात, एसटी स्टँड यांचे नेटके फोटो त्यामानाने कमी सापडतात. मात्र ओळखू येणाऱ्या व्यक्तीचा फोटो जाहिरातीसाठी विकायचा असेल, तर तिचं सहीचं संमतिपत्र लागतं. पंढरीच्या वारीत काढलेला वारकऱ्यांचा सुंदर फोटो म्हणूनच नाकारला जाऊ शकतो. काही संकेतस्थळं असे फोटो फक्त बातम्या आणि लेखांसाठीच्या 'एडिटोरियल' गटात घेतात.

२. स्वयंपाक, बागकाम, भटकंती: यूट्यूब

जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी यूट्यूबवर १,००० सबस्क्राइबर हवेत आणि त्यासोबत गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले गेलेले व्हिडिओ किंवा गेल्या ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. लोक तुमचा व्हिडिओ सरासरी ४ मिनिटं पाहत असतील, तर ६०,००० व्ह्यूज लागतील.

अट पूर्ण झाल्यावर मोठ्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींचा ५५ टक्के वाटा चॅनलला मिळतो. शॉर्ट्ससाठी हा वाटा ४५ टक्के आहे, पण तो सगळ्या शॉर्ट्सच्या एकत्रित निधीतून वाटला जातो. खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत पैसे बँकेत येत नाहीत. आणि सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ काहीच टाकलं नाही, तर यूट्यूब चॅनलची कमाई बंद करू शकतं. इथे 'पॅसिव्ह' शब्द बराच सैल होतो.

३. लेखन: ई-बुक

ॲमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंगवर मराठी ई-बुक स्वतः प्रकाशित करता येतं आणि त्यासाठी शुल्क नाही. रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के असते. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर पुस्तक 'केडीपी सिलेक्ट' योजनेत घालावं लागतं. या योजनेत ९० दिवसांच्या काळात तेच लेखन डिजिटल रूपात दुसरीकडे ठेवता येत नाही. कथा आधीच प्रतिलिपीवर किंवा ब्लॉगवर असेल, तर ती तिथून काढावी लागेल.

१०० रुपयांच्या पुस्तकावर ३५ टक्क्यांनी साधारण ३५ रुपये मिळतात. कर धरला तर थोडे कमी. महिन्याला १,००० रुपये हवे असतील, तर सुमारे २९ प्रती खपायला हव्यात. ओळखीच्यांनी पहिल्या महिन्यात घेतलेल्या प्रतींवर अंदाज बांधू नका. चौथ्या महिन्याचा आकडा खरा.

४. शिकवता येणारं कौशल्य: ऑनलाइन कोर्स

रांगोळी, सुलेखन, तबला, एक्सेल. काहीही शिकवता येतं. युडेमीवर कोर्ससाठी किमान ३० मिनिटांचा व्हिडिओ आणि ५ धडे लागतात. तुमच्या स्वतःच्या लिंकवरून विद्यार्थी आला, तर ९७ टक्के वाटा तुमचा. युडेमीने स्वतःच्या बाजारपेठेतून आणला, तर ३७ टक्के. या फरकातून एक गोष्ट कळते: ऑनलाइन बाजारात सर्वांत महाग असतो तो ग्राहक शोधून आणणं.

हे दर आणि अटी कंपन्या बदलत असतात. खातं उघडण्याआधी त्या त्या संकेतस्थळावर ताजे नियम वाचा.

हक्क खरंच तुमचा आहे का?

बासरीवर हिट गाणं वाजवून टाकलं, व्ह्यूज आले, पण पैसे आले नाहीत, असं अनेकांचं होतं. यूट्यूबची 'कंटेंट आयडी' यंत्रणा गाणं ओळखते आणि मूळ हक्कदार त्या व्हिडिओची कमाई स्वतःकडे वळवू शकतो.

मराठी गायकांनी एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. तुकाराम महाराजांच्या अभंगांच्या शब्दांवर कोणाचाही कॉपीराइट नाही. पण श्रीनिवास खळे यांनी त्यांना दिलेल्या चालींवर आहे. अभंग गायचा असेल, तर स्वतःची चाल बांधा किंवा परवानगी घ्या.

रेसिपीचं याच्या थोडं उलट आहे. नुसत्या साहित्याच्या यादीवर कॉपीराइट मिळत नाही. ती मांडण्याची तुमची भाषा, फोटो आणि व्हिडिओ यांवर मिळतो. तसंच वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. त्या नावाने माल विकण्याचा हक्क नोंदणीकृत वापरकर्त्यांना असतो, हे टी-शर्ट छापण्याआधी लक्षात घ्या.

कर भरावा लागतो का?

हो. छंदातून आलेले पैसेही उत्पन्नच आहेत आणि ते रिटर्नमध्ये दाखवावे लागतात. कॅमेरा, इंटरनेट, सॉफ्टवेअर यांचा कामापुरता खर्च वजा मागता येतो, म्हणून पावत्या जपून ठेवा. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेली, की जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो.

तुमचा चॅनल न्यू जर्सीतले मराठी लोकही पाहत असतील, तर त्या प्रेक्षकांकडून झालेल्या कमाईवर अमेरिकेचा कर कापला जातो. करविषयक फॉर्म भरला, तर भारत-अमेरिका करारानुसार तो १५ टक्के असतो. फॉर्मच भरला नाही, तर जगभरातल्या एकूण कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही, पण तो टाळणं महागात पडतं.

सरकारी नोकरीत असाल, तर सेवानियमांत खासगी व्यवसायावर बंधनं असतात. आधी लेखी परवानगी घ्या. खासगी नोकरीतही करारपत्र एकदा वाचा.

फसवणूक कशी ओळखायची?

* आधी पैसे मागतात. वर सांगितलेल्या चारही ठिकाणी खातं उघडणं मोफत आहे. 'नोंदणी शुल्क' किंवा 'सिक्युरिटी डिपॉझिट' मागितलं, की तिथेच थांबा.
* ठरावीक कमाईची हमी देतात. रॉयल्टी विक्रीवर अवलंबून असते, त्यामुळे हमी कोणीच देऊ शकत नाही.
* 'व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा' म्हणतात. सुरुवातीला थोडे पैसे देऊन नंतर मोठी रक्कम भरायला लावण्याचा हा नेहमीचा सापळा आहे.
* सबस्क्राइबर विकतात. विकत घेतलेले सबस्क्राइबर यूट्यूबच्या नियमांत बसत नाहीत आणि चॅनलच धोक्यात येतो.

पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

कमाई सुरू झाल्यावर खात्याचीही राखण लागते. नगर जिल्ह्यातल्या 'आपली आजी' या लोकप्रिय रेसिपी चॅनलवर २०२० मध्ये हॅकरांनी ताबा मिळवला होता. काही दिवसांनी तो परत मिळाला. टू-स्टेप व्हेरिफिकेशन आजच सुरू करा.

सुरुवात कशी करावी?

१. एकच छंद आणि एकच मार्ग निवडा.
२. सहा महिने आठवड्याचे ठरावीक तास द्या आणि त्यांची नोंद ठेवा.
३. नवं सामान घेऊ नका. ॲडोबी स्टॉकला किमान ४ मेगापिक्सेलचा फोटो चालतो. हल्लीचे बरेचसे मोबाईल तेवढा सहज काढतात.
४. सहा महिन्यांनी मिळालेली रक्कम भागिले दिलेले तास, हा हिशेब करा.
५. आकडा पटला तर पुढे चला. नाही पटला तर मार्ग बदला.

नेहमीचे प्रश्न

नोकरी सोडून हे करावं का? नाही. बारा महिने घरखर्च भागेल इतकी कमाई सलग होईपर्यंत तरी नाही.

१८ वर्षांखालील मुलांना कमाई करता येते का? यूट्यूबवर पालकांच्या नावाच्या पेमेंट खात्यातून येते.

छंदाचा आनंद जातो का? जाऊ शकतो. काय विकलं जाईल हे पाहून चित्र काढायला लागलात, की तो छंद राहत नाही, धंदा होतो. धंदा करण्यात गैर काहीच नाही. पण छंदातला एखादा कोपरा विक्रीला न काढता स्वतःसाठी राखून ठेवा.