चार्ल्स अल्कॉक : खेळाडू आणि कार्यवाह

संस्थांच्या सभागृहांत अध्यक्षांची तैलचित्रे लागतात. कार्यवाहाचे नाव मात्र बहुधा इतिवृत्ताच्या वहीतच राहते. शासकीय सेवेत आमची हयात टिपणे, ठराव आणि परिपत्रके यांतच गेल्यामुळे असेल, पण इतिहास वाचताना आमची नजर अशा नावांकडे आधी वळते. व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधील फुटबॉलपटू चार्ल्स विल्यम अल्कॉक हे त्यांपैकी एक नाव होय.

अल्कॉक यांचा जन्म २ डिसेंबर १८४२ रोजी संडरलंड येथे झाला. घराणे जहाजांच्या व्यवसायातील; शिक्षण हॅरोच्या प्रसिद्ध शाळेत. त्या काळी फुटबॉलचे नियम शाळेगणिक निराळे होते. कोठे चेंडू हातात घेऊन धावण्याची मुभा होती, तर कोठे प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारणे हे मर्दुमकीचे लक्षण मानले जाई. १८५९ मध्ये चार्ल्स आणि त्यांचे वडीलबंधू जॉन यांनी एपिंगच्या अरण्यालगत ‘फॉरेस्ट’ नावाचा क्लब काढला. १८६३ च्या ऑक्टोबरात समान नियमांसाठी लंडनमध्ये ‘फुटबॉल असोसिएशन’ स्थापन झाली, त्या सभेस जॉन उपस्थित होते. पुढे ‘फॉरेस्ट’चे रूपांतर ‘वाँडरर्स’ क्लबात झाले आणि चार्ल्स त्याचे कर्णधार झाले.

ही असोसिएशन आरंभी अगदीच अशक्त होती. १८६६ मध्ये अल्कॉक तिच्या समितीवर आले आणि १८७० मध्ये कार्यवाह झाले. पहिली बरीच वर्षे हे पद मानद होते. चरितार्थासाठी ते पत्रकारिता करीत. २० जुलै १८७१ रोजी ‘स्पोर्ट्समन’ या वृत्तपत्राच्या कचेरीत भरलेल्या बैठकीत त्यांनी ठराव मांडला की, सर्व सभासद क्लबांसाठी एक चषक ठेवावा. हॅरोच्या वसतिगृहांमध्ये ‘जो हरला तो बाद’ या पद्धतीने चालणारी स्पर्धा त्यांच्या डोळ्यांसमोर होती. अवघ्या २० पौंडांत चषक घडवला गेला.

पहिल्या वर्षी १५ क्लबांनी नावे दिली. ग्लासगोच्या ‘क्वीन्स पार्क’ने चषकासाठी आपल्या गाठीची एक गिनी वर्गणी दिली, परंतु लंडनला येऊन वाँडरर्सशी बरोबरी साधल्यावर पुनर्लढतीसाठी मुक्काम करणे त्यांना परवडेना; ते परतले. अंतिम सामन्यापर्यंत पोहोचताना वाँडरर्सने प्रत्यक्षात एकच सामना जिंकला होता! १६ मार्च १८७२ रोजी ओव्हल मैदानावर त्यांनी ‘रॉयल इंजिनिअर्स’चा १–० असा पराभव केला. ज्यांनी ठराव मांडला, त्यांच्याच संघाने चषक जिंकला. ही स्पर्धा आजही चालू आहे.

देशादेशांतील सामन्यांची कल्पनाही अल्कॉक यांचीच. स्कॉटलंडच्या वृत्तपत्रात पत्र लिहून त्यांनी तेथील खेळाडूंना आव्हान दिले. ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळ झालेला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना ०–० असा सुटला. दुखापतीमुळे अल्कॉक स्वतः खेळू शकले नाहीत. पंच म्हणून उभे राहिले. १८७५ मध्ये मात्र स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडचे नेतृत्व करून त्यांनी एक गोलही केला.

त्यांची खरी कसोटी पुढेच लागली. हा खेळ उत्तरेकडील गिरण्यांच्या गावांत पसरला आणि तेथील क्लब खेळाडूंना गुपचूप पैसे देऊ लागले. १८८३ मध्ये ‘ब्लॅकबर्न ऑलिंपिक’ या कामगारांच्या संघाने ‘ओल्ड इटोनियन्स’ला हरवून चषक नेला. पुढच्याच वर्षी पैसे दिल्याबद्दल ‘प्रेस्टन’ला स्पर्धेतून बाद करण्यात आले. उत्तरेचे क्लब वेगळी संघटना काढण्याची भाषा बोलू लागले. लंडनच्या अनेक सभ्य गृहस्थांना पैसे घेऊन खेळणे हा कलंक वाटे. अल्कॉक त्यांच्याच वर्गातले, परंतु १८७२ पासून सरे परगण्याच्या क्रिकेट क्लबचेही ते कार्यवाह होते. तेथे व्यावसायिक आणि हौशी खेळाडू एकाच संघात खेळत, हे ते रोज पाहत होते. चोरून होणारा व्यवहार उघड आणि नियमबद्ध करावा, अशी भूमिका त्यांनी धरली. २० जुलै १८८५ रोजी, म्हणजे चषकाच्या ठरावास बरोबर १४ वर्षे झाली त्या दिवशी, असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली.

या निर्णयाची किंमत कोणी मोजली? हौशी क्लबांनी. पाच वेळा चषक जिंकणारा वाँडरर्स तर त्याच दशकात नामशेष झाला. १८८३ नंतर कोणत्याही हौशी संघाच्या हाती तो चषक लागला नाही. असोसिएशन मात्र फुटली नाही. स्वतःच्या वर्गाच्या वर्चस्वापेक्षा संस्था मोठी मानणारा कार्यवाह लाभला, हे तिचे भाग्य होय.

आपल्याकडील वाचकांसाठी आणखी एक दुवा सांगितला पाहिजे. १८८६ मध्ये मुंबईचा पारशी संघ क्रिकेटसाठी इंग्लंडला गेला, तेव्हा त्याच्या सामन्यांची आखणी अल्कॉक यांनीच केली. २८ सामन्यांपैकी पारशी मंडळींनी एकच जिंकला. पण भारतीय संघाचा तो पहिला इंग्लंड दौरा ठरला.

१८९५ मध्ये अल्कॉक यांनी असोसिएशनचे कार्यवाहपद सोडले. सरेचे काम मात्र अखेरपर्यंत पाहिले. २६ फेब्रुवारी १९०७ रोजी ब्रायटन येथे त्यांचे निधन झाले. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात संस्था चालवणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींनी त्यांच्याकडून एक गोष्ट घ्यावी, असे आम्हांस वाटते: दारात उभ्या असलेल्या नव्या माणसांना नियमात बसवून आत घेणे, हेही कार्यवाहाचेच काम आहे.